रान राखणाऱ्याला करमाफी नको, मोबदला द्या

सिंधुदुर्गातल्या डोंगरउताराच्या एखाद्या वरकस जमिनीचा सातबारा काढा आणि आकाराचा, म्हणजे शेतसाऱ्याचा, रकाना बघा. तिथला आकडा बहुधा इतका किरकोळ असतो की तो वसूल करायला कोतवालाला पाठवणंही सरकारला परवडू नये. उद्या शासनाने उदार होऊन जाहीर केलं, की ज्याने आपल्या जमिनीवर रान राखलं त्याला शेतसारा माफ, तर मालकाच्या खिशात वर्षाकाठी चहाचे पैसेसुद्धा राहणार नाहीत. तरीही खासगी जमिनीवरच्या जंगलाची चर्चा निघाली की कुणीतरी अमेरिकेचा दाखला देतो आणि 'तिकडच्यासारखी करसवलत द्या' असं सुचवतो. हेतू चांगलाच असतो. पण ती सवलत तिकडे कशामुळे चालते हे पाहिलं, की ती इथे का चालणार नाही हे कळतं. आणि त्यातून घेण्यासारखं नेमकं काय आहे, तेही दिसतं.

टेक्सासचं उदाहरण घेऊ, कारण दाखला बहुतेक वेळा त्याचाच असतो. तिथली ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खासगी मालकीची आहे. राज्याचा आयकर नाही, त्यामुळे शाळा आणि स्थानिक प्रशासनाचा मोठा भार मालमत्ता करावर पडतो आणि हा कर जमिनीच्या बाजारभावावर बसतो. ऑस्टिनसारखं शहर पसरत आपल्या कुंपणापर्यंत आलं, की माळरानाच्या मालकाला नुसती जमीन धरून ठेवणं जड जातं. शेतीच्या किंवा गुरं चारण्याच्या जमिनीची आकारणी मात्र तिच्या उत्पादनक्षमतेवर होते. दोन्हींतली तफावत प्रचंड. म्हणून मालक गरज नसतानाही गुरं पाळत. मग १९९५ साली तिथल्या मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि वन्यजीवांसाठी जमीन राखणं हाही शेतीचाच एक प्रकार मानला गेला. अधिवास सुधारणं, धूप थांबवणं, शिकारी प्राण्यांवर नियंत्रण, पाणी, खाद्य, निवारा आणि प्राण्यांची गणना या सात कामांपैकी किमान तीन कामं दरवर्षी केली, की गुरांशिवायही कमी आकारणी चालू राहते. जमीन नंतर विकासाला दिली तर मागच्या वर्षांचा वाचलेला कर भरावा लागतो. आधी पाच वर्षांचा भरावा लागे, २०१९ पासून तीन वर्षांचा.

व्यवस्था शहाणी आहे, पण निर्दोष नाही. या सवलतीत शिरायचं तर त्या जमिनीला आदल्या वर्षी शेतीची आकारणी असावी लागते. म्हणजे ज्याने कधी एक शेळीही चारली नाही आणि रान जसंच्या तसं ठेवलं, त्याला दार बंद. त्याने आधी शेळ्या सोडाव्यात, सवलत मिळवावी आणि मग शेळ्या काढून पक्ष्यांची घरटी टांगावीत! कायदे करणारे सगळीकडे सारखेच. शिवाय करार कायमचा नाही. जमिनीचा भाव फारच वाढला तर तीन वर्षांचा कर भरून मालक मोकळा होतो.

तरी या सगळ्याचा पाया एकच आहे: कर इतका जड असणं, की त्यातून सुटका हेच मोठं बक्षीस ठरावं. आपल्याकडे शेतजमिनीवर तो पायाच नाही. शेतसारा नगण्य, शेतीच्या उत्पन्नाला आयकर माफ आणि शहराच्या हद्दीपासून लांबची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावरही कर नाही. कोकणातला डोंगर राखला काय, बोडका केला काय, किंवा लांबच्या एखाद्या कंपनीला रबरासाठी विकला काय, कराच्या दृष्टीने सगळं सारखंच. जिथे घेत नाही, तिथे सोडणार काय?

याला अपवाद शहरांच्या कडेचा. पुण्याच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. महापालिकेत समाविष्ट झालेल्या तेवीस गावांतली सुमारे ९७८ हेक्टर जमीन त्यात येते आणि मालकांना मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआरची, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काची, तरतूद पुढे आली. मालक त्यावर खूश नाहीत आणि उतारांवर बेकायदा बांधकामं चालूच आहेत. पुणे महापालिका सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांसाठी मिळकतकरात पाच ते दहा टक्के सूट देते. तिथे टेकडीवरचं गवत आणि झुडपं राखणाऱ्यालाही मिळकतकरात सूट देता येईल, आणि ती परिणामही करील, कारण तिथे कर खरोखर बोचतो. तो विषय वेगळा आणि लहान. महाराष्ट्रातलं खासगी जंगल मुख्यतः आहे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, आणि तिथली गोष्ट वेगळी आहे.

सावंतवाडी आणि दोडामार्ग या दोन तालुक्यांचा पट्टा नकाशावर पाहा. उत्तरेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, दक्षिणेला गोव्याचं म्हादई आणि कर्नाटकातलं भीमगड ही अभयारण्यं. वाघाला इकडून तिकडे जायचं तर मधला रस्ता हाच. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती आले तेही याच बाजूने. या पट्ट्यातलं बरंचसं रान खासगी मालकीचं आहे. तिथे काजू आहे, अननस आहे, केरळमधून आलेल्या बागायतदारांनी उभं केलेलं रबर आहे, आणि या सगळ्यांच्या मधे अजून शाबूत असलेलं सदाहरित रान आहे. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने इथल्या वृक्षतोडीला बंदी घातली. तोड थांबली नाही. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने पुन्हा लक्ष घातलं आणि इथली पंचवीस गावं पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याच्या प्रक्रियेला चार महिन्यांची मुदत घालून दिली. संपूर्ण पश्चिम घाटाची तर गोष्टच वेगळी: २०१४ पासून केंद्र सरकार मसुद्यावर मसुदा काढतंय, जुलै २०२४ चा सहावा. त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे.

आता जमिनीच्या मालकाच्या जागी उभं राहून बघा. त्याच्या आज्याच्या वेळेपासून सरकारने त्याला काय शिकवलं?

१९४८ च्या कुळकायद्यात तरतूद आहे, की जमीन सलग दोन वर्षं पडीक राहिली तर सरकार ती आपल्या व्यवस्थापनाखाली घेऊ शकतं. प्रत्यक्षात असं क्वचितच होतं, पण रान म्हणजे मालकाचा आळस, ही समजूत कायद्यातच बसली आहे. १९७५ साली खासगी वने संपादन कायदा आला आणि ३० ऑगस्टला हजारो मालकांची रानं एका दिवसात सरकारजमा झाली. त्यातल्या कित्येकांना वन अधिनियमाच्या कलम ३५ ची, म्हणजे खासगी रानातल्या तोडीवर निर्बंध घालणारी, नोटीस कधी निघाली हेही ठाऊक नव्हतं. नुसती नोटीस काढून ठेवली म्हणजे जमीन खासगी वन ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २०१४ साली, गोदरेज प्रकरणात. मधली चाळीस वर्षं लोकांनी कोर्टाच्या आणि तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या. १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशाने शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल ते जंगल ठरलं. त्यातून सिंधुदुर्गात खासगी जमिनींवर 'वनसंज्ञा', म्हणजे 'हे जंगल आहे' अशी नोंद, लागली. दोडामार्गातल्या शेतकऱ्यासमोर हा शब्द नुसता उच्चारून बघा. ज्याने झाडं राखली त्याची जमीन यादीत गेली आणि ज्याने आदल्याच वर्षी तोडून कलमं लावली तो सुटला.

यातून निघणारा धडा शेतकऱ्याने बरोबर घेतला आहे. संवेदनशील क्षेत्राची बातमी आली की करवतींना धार लागते, असं कोकणात सर्रास बोललं जातं. याला शेतकऱ्याचा अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी अमेरिकेचंच दुसरं उदाहरण बघावं. नॉर्थ कॅरोलिनात एक दुर्मीळ सुतार पक्षी फक्त जुन्या पाइनच्या झाडात घरटं करतो. पक्षी आला की जमिनीवर निर्बंध येत. म्हणून मालक झाडं जुनी व्हायच्या आधीच तोडू लागले. अखेर १९९५ साली सरकारने त्यांच्याशी करार केला: आज तुमच्या जमिनीवर जेवढे पक्षी आहेत तेवढ्यांची जबाबदारी घ्या, यापुढे तुमच्या राखण्यामुळे जास्त आले तर त्याबद्दल नवा निर्बंध लागणार नाही. तोडण्याची घाई त्यामुळे सरली. मला टेक्सासच्या करमाफीपेक्षा ही हमी जास्त मोलाची वाटते. आपल्याकडे असा शब्द कुठल्याही कायद्यात नाही.

नाही म्हणायला वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने 'समुदाय राखीव क्षेत्र' आलं. एखाद्या व्यक्तीने किंवा समुदायाने स्वेच्छेने पुढे यावं आणि आपली खासगी जमीन वन्यजीवांसाठी जाहीर करून घ्यावी. मेघालयात, नागालँडमध्ये, जिथे जमीन गोतांची आणि गावांची, तिथे अशी क्षेत्रं बरीच झाली. आपल्याकडचा मालक कलम वाचतो तेव्हा त्याला दिसतं ते असं: एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर बदलायला समितीचा ठराव हवा आणि वर राज्य सरकारची मंजुरी हवी. मिळणार काय? त्याबद्दल कलम गप्प आहे.

काठीच काठी आणि हातावर काहीच नाही, याचा शेवट कसा होतो हे सोलापूरकरांना विचारा. १९७९ साली माळढोकसाठी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यातली बहुतेक जमीन लोकांची होती. खरेदीविक्री अडली, बिनशेती परवानगी अडली, आणि माळावर उभा राहणारा एक देखणा पक्षी गावागावांत शिवी झाला. २०१२ साली क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोपर्यंत कालव्याचं पाणी आणि ऊस माळावर पोहोचला होता, आणि याच अभयारण्यातल्या नान्नजला माळढोक दिसणं ही बातमी होऊ लागली होती. माळढोक कमी होण्याची कारणं अनेक आहेत, सगळा दोष कायद्याचा नाही. पण माळ राखणाऱ्या शेतकऱ्याला वर्षाला चार पैसे मिळाले असते, तर निदान त्याने पक्ष्याच्या बाजूने बोलायला तोंड उघडलं असतं.

'मोबदला द्यायला सरकारकडे पैसा कुठे आहे?' हा प्रश्न लगेच येतो. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. कारण सरकार डोंगरउतारावर पैसा गेली पस्तीस वर्षं खर्च करतंच आहे, फक्त उलट दिशेने. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. खड्डे, कलमं, खत, मजुरी, सगळ्याला अनुदान. कोकणातले हजारो हेक्टर उतार त्यातून आंबा आणि काजूखाली आले. मी या योजनेच्या विरोधात नाही. तिने कोकणातली अनेक घरं उभी केली आणि मनिऑर्डरवर जगणाऱ्या जिल्ह्यांना स्वतःचं उत्पन्न दिलं. पण तिचा अर्थ असा झाला की झाडोरा साफ करणाऱ्याला सरकार पैसे देतं आणि तो तसाच ठेवणाऱ्याला देत नाही. पोटखराब्याचंही तेच. सातबाऱ्यावर 'अ' वर्गाचा पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून लागलेल्या तुकड्यावर पीककर्ज मिळत नाही, संपादनात भावही कमी लागतो. २०१८ साली नियम बदलून लागवडीखाली आणलेला असा तुकडा लागवडीलायक म्हणून नोंदवायची सोय झाली. शेतकऱ्याच्या दृष्टीने न्याय्यच. पण झुडपं काढली तर किंमत वाढते, ठेवली तर नाही, हा हिशेब त्याला समजावून सांगावा लागत नाही.

टेक्सासकडून घ्यायचं ते हे. करमाफीचा तपशील सोडून द्या. रान राखणं हा जमिनीचा वापर आहे, पडीकपणा नाही, ही नोंद महत्त्वाची. आपल्या गाव नमुना बाराच्या पीकपाहणीत काजू लिहिता येतो, नाचणी लिहिता येते. तिथे 'राखीव रान' असं लिहिता आलं पाहिजे आणि त्या नोंदीवर फळबागेसारखं वार्षिक अनुदान मिळालं पाहिजे. पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने, माधव गाडगीळांच्या समितीने, २०११ च्या अहवालात असा सेवामोबदला सुचवलेला होता. त्या अहवालातल्या निर्बंधांवर दहा वर्षं भांडणं झाली. मोबदल्याच्या शिफारशीबद्दल विधानसभेत किती जण बोलले असतील?

पैशाचं म्हणाल तर, जंगलाची जमीन प्रकल्पांना देताना घेतलेल्या भरपाईतून साठलेल्या निधीपैकी २०१९ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने राज्यांना सत्तेचाळीस हजार कोटींवर रक्कम दिली. महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८४४ कोटी आले. हा निधी मुख्यतः वनजमिनीवर रोपं लावायला जातो. एक उभं रान वाचवणं सोडून उन्हाळ्यात वाळणारी रोपं लावण्यात आपल्याला इतका रस का, हे मला आजवर कळलेलं नाही. केंद्राच्या हरित श्रेय योजनेतही पहिला भर झाडं लावण्यावरच होता, हेक्टरी किमान अकराशे. कोस्टारिकासारख्या लहान देशाने १९९६ साली कायदा करून इंधनावरच्या कराचा एक हिस्सा खासगी जंगलमालकांकडे वळवला, आणि ती योजना आजही चालू आहे. एकूण अर्थव्यवस्थेच्या आकारात महाराष्ट्र त्या देशाहून लहान नाही.

लहान प्रमाणावर हे आपल्याकडेही झालं आहे. संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने खासगी जंगलमालकांशी संवर्धनाचे करार केले. तोड न करण्याच्या बदल्यात पैसे. ज्या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत महाधनेश घरटं करतो, त्या झाडांची फळं प्रमाणित करून आयुर्वेदिक चहाच्या परदेशी बाजारात पोहोचवली. लाकूड म्हणून विकल्यावर एकदाच पैसे देणारं झाड दरवर्षी पैसे देऊ लागलं. समुद्रातलं उदाहरण आणखी सरळ आहे. २०१८ च्या डिसेंबरपासून राज्य सरकार, जाळ्यात अडकलेलं कासव किंवा देवमाशासारखा संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. पुरावा म्हणून फोटो किंवा चित्रफीत. कोळ्यांना कुणी वन्यप्रेमाचं व्याख्यान दिलं नाही. जाळ्याची किंमत दिली.

आता अडचणी, आणि त्या खऱ्या आहेत.

पहिली अडचण सातबाऱ्यावरच्या नावांची. कोकणात एका डोंगराच्या तुकड्यावर पंधरा-वीस नावं असतात. निम्मी माणसं मुंबईत, दोन-चार दुबईत, काही वारलेली आणि वारसतपास न झालेला. एका काकाचं दुसऱ्याशी बोलणं नाही. पैसा द्यायचा कोणाला? पण इथे एक गंमत आहे. हीच नावं गोळा करून लाकूडतोडीचा ठेकेदार संमतीपत्रावर सह्या घेतो. डोंबिवलीला जाऊन घेतो, नालासोपाऱ्याला जाऊन घेतो. लग्न, आजारपण, घराचं छप्पर अशी नड त्याला बरोबर कळते आणि तो रोख मोजतो. म्हणजे सह्या मिळू शकतात, कुणीतरी त्यासाठी चपला झिजवायला हव्यात. हिस्स्यापुरता मोबदला आणि जमिनीवर प्रत्यक्ष राहून राखणाऱ्याला वरचा वाटा, असं वाटप करता येईल. कसणाऱ्या कुळाला वगळलं तर मात्र योजना पहिल्याच वर्षी कोर्टात जाईल.

दुसरी, श्रीमंतांची. मुंबईचा बिल्डर शंभर एकराचा डोंगर घेईल, फाटकावर 'नेचर रिझर्व्ह' पाटी लावेल आणि अनुदान उचलेल. म्हणून माणशी मर्यादा हवी, ती कमाल जमीनधारणा कायद्याच्या पुष्कळ खाली. टेक्सासच्या मोठमोठ्या रँचेसचा नमुना इथे लागू नाहीच. इथे दोन-दोन, पाच-पाच एकरांचे तुकडे एकत्र आले तरच वाघाला रस्ता मिळणार. त्यामुळे एकटाच मालक आला तर साधा दर आणि शेजारचे गटनंबर सलग आले तर वाढीव, अशी रचना केली तर माणसंच एकमेकांना समजावतील.

तिसरी अडचण सगळ्यात बिकट, आणि पर्यावरणवादी तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलत नाहीत. एकाने रान राखलं, की डुक्कर, माकड आणि गवा शेजाऱ्याच्या भातात आणि केळीत येतात. कोकणात आज शेती सोडण्याची जी कारणं लोक सांगतात त्यात माकड फार वर आहे. रानाच्या मालकाला पैसे आणि शेजाऱ्याला नुकसान, असं झालं तर गावात भांडण पेटेल आणि दोष योजनेचा असेल. म्हणून मोबदल्याचा एक भाग वाडीच्या सामायिक खात्यात जावा: कुंपणाला, राखणीला, आणि पंचनाम्याची वाट न बघता द्यायच्या तातडीच्या भरपाईला. वनखात्याची भरपाई मिळते, पण अर्ज, पंचनामा, मंजुरी यात पुढचं पीक उभं राहतं.

दर किती हे मी इथे सांगणार नाही. तो गावागणिक बदलेल. कसोटी सांगता येते. तोडलेल्या रानाला फुटवा येऊन ते पुन्हा तोडणीला यायला जितकी वर्षं लागतात, तितक्या वर्षांत मिळून सरकारने दिलेली रक्कम ठेकेदाराच्या एका उचलीपेक्षा जास्त भरली पाहिजे. आणि हप्ते असे हवेत की मुलीच्या लग्नाला काही वर्षांची रक्कम आगाऊ उचलता यावी. ठेकेदार जिंकतो ते भावावर नाही, तो जिंकतो नडीच्या वेळी हजर असल्यामुळे.

सुरुवात दोडामार्ग-सावंतवाडीच्या त्या पंचवीस गावांतच व्हावी, पण क्रम उलटा करून. आधी करार आणि पहिला हप्ता, त्यासोबत लेखी हमी, की या करारात आलेली जमीन पुढे संपादित होणार नाही आणि तिच्यावर या राखण्याच्या आधारे नवी वनसंज्ञा लागणार नाही. अधिसूचना त्यानंतर. पाच किंवा दहा वर्षांचा करार, मुदत संपल्यावर बाहेर पडायची मोकळीक, मधेच तोडलं तर घेतलेली रक्कम परत. पाहणी ग्रामसभेने नेमलेल्या माणसांनी करावी, उपग्रहाच्या चित्रांशी ताडून. ते काम एकट्या तलाठ्याच्या गळ्यात मारू नये, त्याच्याकडे आधीच चार गावं असतात. आणि पहिला हप्ता पावसाळा सरायच्या आत खात्यात पडला पाहिजे, कारण दिवाळी झाली की ठेकेदार वाडीवाडीत फिरायला लागतात.